पांढरा थर दिसला म्हणून लगेच जिप्सम टाकू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कमी पावसाच्या भागात उताराची जमीन, वरची बाजू मुरमाड आणि खालची भारी. पंधरा-सोळा वर्षं बोअरचं पाणी चालू आहे. आता सखल भागात उन्हाळ्यात पांढरा थर चढतो, नांगरलं की दगडासारखी ढेकळं निघतात आणि पाऊस झाला की पाणी चार-चार दिवस उभं राहतं. एकाने जिप्सम (कॅल्शियम असलेलं खनिज) सांगितलं, दुसऱ्याने गंधक, तिसऱ्याने शेणखत. चौथ्याने ‘तुमच्याकडे वाळवंट सरकत आलंय’ म्हणून हात झटकले. यातलं नेमकं काय टाकू, आणि मुळात मातीच तशी असेल तर खर्च करण्यात काही अर्थ आहे का, असं तुम्ही विचारता.

माती तपासण्याच्या कामात ‘काय टाकू’ हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेलाय तितका दुसरा कुठलाच नाही. त्यावर माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: तुमच्या जमिनीत पडलेलं पाणी शेवटी जातं कुठे? याचं उत्तर मिळाल्याशिवाय पोतं फोडायचं नाही. कोरड्या भागातली जमीन बिघडण्याची बहुतेक कारणं पाण्याच्या वाटेशी येऊन थांबतात, आणि कुठली माती कशी बिघडणार हे तिचा प्रकार ठरवतो.

आधी ते वाळवंटाचं मनातून काढून टाका. प्रदेश कोरडा आहे की नाही हे नुसत्या पावसावर ठरत नाही. वर्षभराचा पाऊस आणि त्या हवेत जमीन व झाडं मिळून जास्तीत जास्त किती पाणी उडू शकतं, या दोन्हींचं गुणोत्तर बघतात. ते 0.65 च्या खाली असेल तर प्रदेश शुष्क गटात येतो, आणि जगाची सुमारे 41 टक्के जमीन या गटात मोडते. 0.05 च्या खाली गेलं की ते खरंखुरं वाळवंट. वाळवंटीकरणाविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार 1994 साली झाला, आणि त्याने व्याख्येतून नेमका हा शेवटचा गट वगळला. म्हणजे वाळवंटीकरण म्हणजे वाळूच्या टेकड्या चालत येणं नव्हे. जिथे पिकं येतात, गवत उगवतं, अशा कोरड्या भागातल्या जमिनीची ताकद जिथल्या तिथे उतरणं, याला ते नाव आहे. तुमच्या शेतात बाहेरून काही आलेलं नाही. जे झालंय ते आतच झालंय, म्हणून त्यावर काही करताही येतं.

त्या गुणोत्तराचा दुसरा अर्थ तुमच्या कामाचा आहे. भरपूर पावसाच्या प्रदेशात पाणी जमिनीतून खाली जातं आणि जाताना विरघळलेले क्षार सोबत घेऊन नदीला मिळतं. कोरड्या प्रदेशात ते थोडं खाली जातं, थांबतं आणि वर येऊन उडून जातं. पाणी उडतं, पण क्षार उडत नाहीत.

इथे एक साधा हिशेब करून बघा. तुमच्या बोअरच्या पाण्याची विद्युत वाहकता, म्हणजे त्यात किती क्षार आहेत याचं माप, मीटरला 0.5 डेसीसिमेन्स आहे असं धरू. हे पाणी चांगलं समजलं जातं, पिऊन कळणारही नाही. अशा पाण्याच्या एका लिटरमध्ये साधारण 320 मिलिग्रॅम क्षार असतात. वर्षाला 600 मिलिमीटर पाणी दिलंत तर हेक्टरी 60 लाख लिटर झालं. म्हणजे वर्षाकाठी एकोणीसशे किलोच्या आसपास क्षार तुम्ही स्वतःच्या हाताने शेतात ओतता. खतं वेगळीच. सोळा वर्षांचे झाले तीस टन. ते सगळे तिथेच आहेत असं मी म्हणत नाही. काही पावसाने खाली गेले असतील, काही चुन्याच्या रूपात बसून निरुपद्रवी झाले असतील. पण निचऱ्याला वाट नसेल तर उरलेले कुठे जाणार? आणि हे चांगल्या पाण्याचं गणित झालं. कोरड्या भागातली बोअरं खोल जातात तशी ही वाहकता दोन-तीनवर गेलेली मी नेहमी बघतो.

आता मातीच्या प्रकाराकडे येऊ. तुम्ही खालची जमीन ‘भारी’ म्हणता. ती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळत असेल तर ती फुगणाऱ्या चिकणमातीची आहे. अशी माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. वरची माती भेगांतून खाली पडते, खालची वर ढकलली जाते, म्हणून जुनी माणसं म्हणतात की ती स्वतःच स्वतःला नांगरते. पाणी धरून ठेवण्यात तिला तोड नाही. पण पाणी सोडण्यात ती तितकीच चिवट, आणि वापसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, येण्याचे दिवस मोजके. आज पायाला चिकटते, परवा कुदळीला दाद देत नाही. थोडं सोडियम वाढलं तरी तिचं सगळ्यात आधी बिघडतं, कारण मातीचा जो कण सोडियम धरून ठेवतो तो चिकणमातीचा, आणि इथे तोच भरमसाट आहे. हलक्या वाळूमिश्रित जमिनीत तेच पाणी दिलं असतं तर क्षार धुऊन गेले असते आणि तुम्ही मला प्रश्न विचारला नसता. त्या जमिनीचं दुखणं वेगळं असतं. तिथे वारा बारीक कण आणि सेंद्रिय भाग आधी उचलून नेतो, मागे भरड वाळू राहते, आणि शेत वर्षावर्षाला नुसतं ‘हलकं’ होत जातं. गाळवट, पोयट्याच्या जमिनीत पावसाच्या थेंबांनी वरचा पापुद्रा मिटतो आणि आत जाणारं पाणी वरूनच वाहून जातं. चुनखडीची जमीन दिसायला ठीक असते, पण तिच्यात पिकाला लोह मिळत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

तुमच्या सखल भागात नेमकं काय झालंय याच्या तीन शक्यता आहेत, आणि इथेच सल्ले फाटतात. जमीन खारवट असेल, चोपण असेल किंवा दोन्ही असेल. खारवट जमिनीत विरघळणारे क्षार जास्त असतात. माती पाण्याने संपृक्त करून काढलेल्या अर्काची वाहकता 4 च्या वर जाते, सामू (पीएच) बहुधा 8.5 च्या आत राहतो. मातीची घडण मात्र चांगली, भुसभुशीत असते. पिकाला पाणी असून ओढता येत नाही, एवढाच तिचा दोष. चोपण जमिनीत क्षार कमी असू शकतात, पण मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचा वाटा 15 टक्क्यांच्या वर गेलेला असतो आणि सामू 8.5 च्या पुढे जातो. सोडियमने कण एकमेकांपासून सुटतात, पाण्यात तरंगतात आणि बारीक छिद्रं बुजवून टाकतात. वरून पाणी उभं आणि वीतभर खाली कोरडं, हे तिचं लक्षण. पृष्ठभागावर कधीकधी काळपट, तेलकट डाग दिसतात. ते विरघळून वर आलेल्या सेंद्रिय पदार्थाचे असतात. पांढरा थर एवढंच सांगतो की पाणी इथून उडालं. तो मिठाचा असेल, सोड्याचा असेल, जिप्समचाही असू शकतो.

यातला फरक न ओळखण्याची किंमत मी एकदा मोजलीय, खरं तर दुसऱ्याला मोजायला लावलीय. कामाला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. एका शेताची वाहकता 9 आली होती, सामू 8.3. मी ‘खारवट’ असा शिक्का मारला आणि पुस्तकात होतं तसं सांगितलं: वाफे बांधा, गोड्या पाण्याने भरा, क्षार धुऊन काढा. पहिले काही दिवस पाणी झकास मुरलं. मग मुरणं मंदावलं आणि तिसऱ्या आठवड्यात वाफे तळ्यासारखे उभे राहिले. पुन्हा नमुना काढला तर वाहकता 2 वर आली होती, आणि सामू 9 च्या पुढे. जमीन दोन्ही होती, खारवट आणि चोपण. ते जादा क्षारच सोडियमने सुटू पाहणाऱ्या कणांना एकत्र धरून होते. मी क्षार काढले, सोडियम ठेवलं, आणि माती मिटली. आधी जिप्सम देऊन मग पाणी भरायला हवं होतं. तेव्हापासून वाहकता आणि सामू या दोनच आकड्यांवर मी तोंड उघडत नाही.

प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत घरी करता येण्यासारखी एक चाचणी सांगतो. मला ती अजूनही अर्ध्या अहवालाइतकी उपयोगी वाटते. सखल भागातून, चांगल्या भागातून आणि दोन्हींच्या मधून, वरच्या थरातली आणि हातभर खालची अशी हरभऱ्याएवढी ढेकळं घ्या. सावलीत पूर्ण वाळू द्या. काचेच्या पेल्यात पावसाचं साठवलेलं किंवा बॅटरीत घालतात ते पाणी घ्या आणि एकेक ढेकूळ अलगद सोडा. बोअरचं पाणी घेऊ नका, त्यातले क्षार माती धरून ठेवतात आणि निकाल खोटा येतो. पेला हलवायचा नाही. दहा मिनिटांनी बघा, मग दोन तासांनी, मग दुसऱ्या दिवशी.

ढेकूळ जसंच्या तसं राहिलं तर घडण ठीक आहे. ते ढासळून छोटी रास झाली पण पाणी निवळ राहिलं, तर सेंद्रिय पदार्थ कमी आहे. तिथे शेणखत, हिरवळीचं खत आणि कमी मशागत हाच उपाय, जिप्समची गरज नाही. ढेकळाभोवती दुधाळ वलय पसरायला लागलं आणि दुसऱ्या दिवशीही ते खाली बसलं नाही, तर सोडियम आहे. क्षार फार असतील तर पहिल्या खेपेला पाणी निवळ राहून फसवू शकतं, म्हणून ते पाणी हळूच काढून नवं घालायचं आणि पुन्हा वाट बघायची. माझ्या त्या शेतातल्या ढेकळाने दुसऱ्या पाण्यात मला सगळं सांगितलं असतं. मी विचारलंच नव्हतं.

दुसरं काम कष्टाचं आहे, पण टाळू नका. सखल भागात उन्हाळ्याच्या तोंडाला दोन मीटर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या एका उभ्या भिंतीकडे नीट बघा. पाणी वरून खाली जात असेल तर क्षार ठरलेल्या क्रमाने साठतात. सगळ्यात कमी विरघळणारा चुना वरच्या बाजूला खड्यांच्या रूपात, त्याच्या खाली जिप्सम असेल तर त्याचे चमकणारे स्फटिक, आणि मीठ सगळ्यात खोल. पाणी खालून वर येत असेल तर सहज विरघळणारं मीठच आधी पृष्ठभाग गाठतं. म्हणजे थर वर आणि तळात ओल, असा खड्डा निघाला तर रोग वरून दिलेल्या पाण्यापुरता नाही, तुमच्या पायाखाली भूजल चढलंय. केशाकर्षणाने, म्हणजे बारीक छिद्रांतून आपोआप, पाणी किती उंच चढतं हे मातीच्या पोतावर अवलंबून आहे. वाळूत थोडंच, पोयट्यात बरंच आणि भराभर, चिकणमातीत खूप उंच पण अतिशय सावकाश. म्हणून किती मीटरखाली पाणी सुरक्षित, याचा एकच आकडा मी देत नाही. पण दोन मीटरच्या आत कायम ओल लागत असेल तर मला काळजी वाटते.

आणि ते पाणी कुठून येतं हे शेताच्या वरच्या बाजूला जाऊन बघा. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात सिंचन नसतानाही हजारो शेतं खारवट झाली. खोल मुळांची झाडं-झुडपं तोडून लोकांनी गहू पेरला. झाडं वर्षभर जे पाणी ओढून घेत होती ते आता खाली मुरायला लागलं, भूजल चढलं आणि शतकानुशतकं खोल दडलेलं मीठ घेऊन सखल भागात उगवलं. 1924 साली हे लिहून दाखवणारा वुड नावाचा माणूस रेल्वेचा अभियंता होता. इंजिनांच्या बॉयलरला लागणाऱ्या झऱ्यांचं पाणी खारट होत चाललं होतं, त्यातून त्याला सुगावा लागला. मातीवाल्यांच्या आधी, हे मला नेहमी गमतीचं वाटतं. तुमच्या मुरमाड बाजूला पूर्वी झुडपं आणि गवत होतं का, आणि ते कधी गेलं, हे आठवून बघा.

त्या बाजूवरून पाणी वाहून खाली येत असेल तर तिथेच अडवा. सहाराच्या दक्षिणेला, बुर्किना फासो आणि नायजरमध्ये, मिटलेल्या कडक जमिनीत वीतभर रुंद आणि अर्ध्या वीतेइतके खोल खड्डे घेऊन त्यात शेणखत टाकायची जुनी पद्धत आहे. तिला बुर्किना फासोत झाई म्हणतात. वाहणारं पाणी खड्ड्यात थांबतं, खताच्या ओढीने वाळवी येते, ती माती पोखरते आणि पाणी मुरायला वाट मिळते. मात्र वर मुरवलेलं पाणी झाडांनी आणि गवतानी वापरलं पाहिजे. नाहीतर तेच जमिनीखालून सरकत तुमच्या सखल भागात येईल. नुसते चर खणून झाडं न लावणं इथे उलटं पडू शकतं.

आता पोत्यांकडे. इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: नुसती खारवट असेल तर निचरा आणि पाणी, चोपण असेल तर निचरा, कॅल्शियम आणि पाणी, आणि नुसती ढासळणारी असेल तर सेंद्रिय पदार्थ. निचरा सगळ्यांत आहे, कारण बाहेर पडायला वाट नसेल तर जिप्समने सुटलेलं सोडियमही तिथेच घुटमळतं.

जिप्सम काय करतं? त्यातलं कॅल्शियम मातीच्या कणावरच्या सोडियमची जागा घेतं, सुटलेलं सोडियम सल्फेटच्या रूपात पाण्याबरोबर निघून जातं. किती लागेल ते अहवालावरून काढतात. अंदाजाला एक माप लक्षात ठेवा: शंभर ग्रॅम मातीमागे एक मिलिइक्विव्हॅलंट (अहवालात येणारं रासायनिक एकक) सोडियम हटवायचं, तेही वरच्या 15 सेंटिमीटरमधून, तर हेक्टरी साधारण दोन टन शुद्ध जिप्सम. तुम्हाला तीन हटवायचे असतील तर सहा टन. एका लिटर पाण्यात जिप्सम जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. म्हणजे सहा टन विरघळवायला अडीचशे-तीनशे मिलिमीटर पाणी मातीतून आरपार जायला हवं. माती कॅल्शियम ओढून घेते म्हणून शेतात ते थोडं लवकर होतं, पण एका वळवाने होणार नाही. जिप्सम टाकून दोन महिन्यांत फरक पडला नाही म्हणून निराश होणारे मला दरवर्षी भेटतात. पाणी किती गेलं विचारलं तर उत्तर नसतं.

गंधक वाईट नाही, पण ते स्वतः कॅल्शियम देत नाही. मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात, ते आम्ल चुन्याला विरघळवतं आणि त्यातून कॅल्शियम सुटतं. म्हणून आधी मातीवर पातळ आम्लाचे दोन थेंब टाकून बघा. फसफसली तर चुना आहे आणि गंधकाला काम आहे. नाही फसफसली तर पैसे वाया. चुना असेल तर एक टन गंधक हिशेबाने पाच टनांहून जास्त जिप्समचं काम करतं. पण जिवाणूंना ऊब, ओल आणि काही आठवडे ते महिने लागतात, आणि पाणी साचलेल्या जमिनीत ते काम करत नाहीत. शेणखत एकट्याने चोपण जमीन सुधारणार नाही, पण त्याशिवाय सुधारलेली टिकणारही नाही. ढैंच्यासारखं सोडियम सोसणारं हिरवळीचं पीक मी जास्त मानतो. त्याची मुळं खाली वाट करतात आणि मुळांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मातीतलाच चुना थोडा थोडा विरघळवतो.

बोअरचं पाणी तपासताना नुसती वाहकता मागू नका, कार्बोनेट आणि बायकार्बोनेट मागा. ते कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा लिटरला अडीच मिलिइक्विव्हॅलंटहून जास्त असतील तर ते पाणी मातीत सुकताना कॅल्शियमचा चुना करून बसवतं आणि सोडियम मोकळं सोडतं. म्हणजे एकीकडे तुम्ही जिप्सम टाकाल आणि दुसरीकडे मोटर ते पुसत राहील. सव्वाच्या खाली असेल तर त्या बाजूने निश्चिंत. ठिबक असेल तर आणखी एक: क्षार ओल्या गोळ्याच्या कडेला जमतात आणि पहिला हलका पाऊस त्यांना मुळांवर ढकलतो, म्हणून त्या पावसात ठिबक बंद करायचं नाही, चालू ठेवायचं. शेजारी हसतील.

तोवर तिथे काय घ्यायचं? पिकांची सोसण्याची ताकद फार वेगवेगळी आहे. अर्काची वाहकता 8 होईपर्यंत बार्लीचं उत्पन्न घटत नाही, कापसाचं साडेसातच्या पुढेपर्यंत, गव्हाचं 6 पर्यंत. उसाचं पावणेदोनलाच घटायला लागतं आणि कांद्याचं सव्वाच्या आसपास. उगवणीच्या वेळी यातली सोशिक पिकंही नाजूक असतात, म्हणून पेरणीआधी एक भरपूर पाणी देऊन क्षार बियाण्याच्या खाली ढकलावेत. पण हे फक्त मुरणाऱ्या जमिनीत. तुमच्या सखल भागात पाणी चार दिवस उभं राहतं, तिथे या वर्षी हे करू नका.

खर्च करण्यात अर्थ आहे का, याचं उत्तर मी मातीच्या प्रकारावरून देत नाही. फुगणारी चिकणमाती सुधारायला वेळ लागतो, पण ती सुधारते. अडतं ते वाटेवर: सखल भागातून जादा पाणी बाहेर काढायला तुमच्या हद्दीत उतार आहे का, की ते शेजाऱ्याच्या शेतातून न्यावं लागेल. तसं असेल तर जिप्समच्या आधी शेजाऱ्याशी बोला. वाटच नसेल तर तेवढा तुकडा क्षार सोसणाऱ्या गवता-झाडांना द्या, वरच्या बाजूचं पाणी अडवा आणि बाकीचं शेत वाचवा. असा सल्ला मी दोनदा दिलाय, दोन्ही वेळा मला वाईट वाटलं होतं, पण दोन्ही शेतांत खारवट पट्टा पुढे सरकायचा थांबला.

नमुने 0 ते 15, 15 ते 30 आणि 30 ते 60 सेंटिमीटर असे वेगवेगळे काढा, पांढरा थर त्यात मिसळू नका, तो वेगळ्या पिशवीत. अहवाल आला की वाहकता, सामू, विनिमययोग्य (कणांना चिकटलेल्या) सोडियमची टक्केवारी आणि चुन्याचं प्रमाण मला कळवा. वाहकता संपृक्त अर्काची आहे की एकास दोन पाण्यात मिसळून मोजलेली, तेही विचारून घ्या, दोन्ही आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. आणि खड्ड्यात पहिली ओल किती खोलीवर लागली ते त्या चारही आकड्यांच्या वर लिहा.